फुसका बार

फेब्रुवारीतली गोष्ट. समोरच्या घरातल्या मुलाची वरात आमच्या गल्लीतून निघाली. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या छावणीतल्या गल्ल्या तुम्हाला ठाऊक आहेत, दोन स्कूटर समोरासमोर आल्या की एकीने ओट्याला चिकटावं लागतं. त्यात बँड, डोक्यावर दिव्यांची झाडं घेतलेली पोरं, मागे भकभकणारा जनरेटर, आणि मधे घोडीवर बसलेला नवरदेव. मी शाल गुंडाळून ओट्यावर उभी होते. नवरदेवाच्या मामांनी कोटाच्या आतून रिव्हॉल्व्हर काढलं आणि हात उंच करून तीन बार काढले. धाड, धाड, धाड. दर वेळी माझ्या दारातली तांब्याची घंटी थरथरली. चौथ्यांदा मात्र नुसतं ‘फट्’ झालं. ओल्या लवंगीसारखं. गर्दी हसली, कुणीतरी ‘फुस्स!’ म्हणून ओरडलं, मामाही हसले आणि त्यांनी हात पुन्हा वर केला.

मी ओरडले, ‘थांबा! थांबा!’

मराठीतच ओरडले. ढोलाच्या दणदणाटात ते कुणाला ऐकू जाणार, आणि गेलं असतं तरी त्या हिंदी वरातीत कुणाला समजणार? मामांनी चाप ओढला. चाप हलेना. काडतुसांची चक्री अडकली होती. त्यांनी तळहाताने रिव्हॉल्व्हरला दोन फटके मारले. शेजारच्या पोराने ते हातातून घेतलं आणि नळीचं तोंड डोळ्यापाशी नेऊन आत बघितलं. तेवढ्यात बँडने पुढचं गाणं धरलं, रिव्हॉल्व्हर कोटात गेलं, वरात कोपऱ्यावर वळली. माझे गुडघे इतके कापत होते की मला ओट्यावर खाली बसावं लागलं. समोरच्या वहिनींना वाटलं, थंडी बाधली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. काय झालं असतं हा विचार होताच, पण त्याहून दुसराच एक प्रश्न टोचत राहिला. गल्लीतल्या दोन-अडीचशे माणसांत ज्यांच्या खांद्यावर जन्मभर बंदूक आहे अशी कितीतरी होती. त्यांना तो आवाज हसण्याजोगा वाटला. आणि मी, जिने आयुष्यात बंदुकीला बोट लावलं नाही, जिला बंदुकीचा तिटकारा आहे, तिच्या कानाने तो आवाज कसा ओळखला?

तिटकारा उगाच नाही. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. माझ्या वर्गातली एक मुलगी गच्चीवरून वरात बघत होती आणि कुणाच्या तरी आनंदाची गोळी तिच्या उजव्या खांद्यात घुसली. ती वाचली, पण पुढे डाव्या हाताने लिहायला शिकली. दहावीला तिचं अक्षर पहिलीतल्या मुलासारखं होतं. वर सोडलेली गोळी खाली येते, एवढी साधी गोष्ट माणसं विसरतात. २०१९ मध्ये कायदा दुरुस्त झाला, लग्नात असा बेपर्वा गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मॅरेज गार्डनच्या भिंतीवर ‘हर्ष फायर वर्जित है’ अशी पाटी असते आणि त्याच पाटीखाली उभं राहून फोटो काढतात. आमच्या ग्वाल्हेर-चंबळ भागात परवान्याची बंदूक ही अंगावरच्या दागिन्यासारखी आहे. शेजारच्या शिवपुरीत २००८ साली नसबंदी करून घेणाऱ्याला बंदुकीचा परवाना लवकर देऊ, अशी योजना जिल्हा प्रशासनाने काढली होती, आणि लोक पुढे आले होते. यावर मी जास्त काही लिहीत नाही, इथे राहणाऱ्याला सांगायची गरज नाही.

तो आवाज मी ओळखला धाकट्या भावामुळे.

भाऊ पंचवीस वर्षं ओहायोत आहे, कोलंबस शहराच्या बाहेर. तो फोनवर सांगायचा की शनिवारी क्लबात पिस्तूल चालवायला जातो, कागदाच्या गोल चकतीवर नेम धरायचा खेळ. पुढे सांगायला लागला की काडतुसंही घरीच भरतो. मी त्यावर काही बोलायचे नाही, विषय बदलायचे. सोनाराच्या घरातला मुलगा, आणि करतो काय तर काडतुसं भरतो! मनात तेढ होती. तिचं खरं कारण वेगळं होतं, ते पुढे सांगते. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात मी त्याच्याकडे गेले. बाहेर मेपलची पानं पिवळीलाल होऊन पडत होती आणि आत गॅरेजमध्ये, गाडीच्या पलीकडे, त्याचं जाड लाकडी टेबल होतं. तेलाचा, थंड सिमेंटचा आणि लाकडाच्या भुशाचा असा एकत्र वास. कोपऱ्यात एक भांडं आपलंआपण घरघरत होतं. काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या अक्रोडाच्या टरफलांच्या भरडीत घालून ते रात्रभर थरथरत ठेवायचं, सकाळी पुंगळ्या घासलेल्या समईसारख्या निघतात. पहिल्या रात्री मला त्या आवाजाने झोप येईना. तिसऱ्या रात्रीपासून त्याच्याशिवाय येईना.

एका संध्याकाळी मी नुसती बघत बसले. टेबलाला बोल्टने आवळलेला हिरवा प्रेस, आपल्याकडे उसाच्या रसवाल्याकडे लिंबू पिळायचा दांडा असतो तसा लांब दांडा. पुंगळी खाली बसवून दांडा ओढला की ती वर पोलादी साच्यात जाते, बार उडताना जराशी फुगलेली असते ती पुन्हा मापात येते, आणि बुडातली जळकी टिकली ‘टिक्’ करून खाली नळीत पडते. तो तिला ‘प्रायमर’ म्हणतो, पण मला पाहताक्षणी दिवाळीतल्या टिकल्यांची बंदूक आठवली. तत्त्व तेच, चाप ओढला की घोडा टिकलीवर पडतो आणि ठिणगी उडते. मग नवी टिकली बसवायची, पुंगळीचं तोंड केसभर रुंद करायचं, बंदुकीची दारू मोजून घालायची, वर शिशाची गोळी दाबून बसवायची. पितळ तेच, पुन्हा पुन्हा, तोंडाशी चीर जाईपर्यंत. बाजारचं नेमबाजीचं काडतूस महाग पडतं म्हणून लोक याच्याकडे वळतात आणि मग त्यातच रमतात. त्याचं पहिलं अवजार छोटंसं होतं, तळहातावर मावणारं, लाकडाच्या हातोडीने ठोकायचं. रिचर्ड ली नावाच्या माणसाने १९५८ मध्ये घरच्या कारखान्यात असली अवजारं बनवायला सुरुवात केली. या हिरव्या प्रेसची आरसीबीएस ही कंपनी त्याच्याही आधीची, १९४३ ची. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावात फ्रेड हंटिंग्टनने ती काढली, महायुद्धामुळे गोळ्या मिळेनात म्हणून स्वतःच गोळ्या घडवायचे साचे करून. हे सगळं भाऊ मला सांगत होता तेव्हा त्याचा चेहरा अगदी अण्णांसारखा, आमच्या वडिलांसारखा झाला होता. अण्णा कुठल्या गावची जाळी कुठल्या कारागिराची हे असंच सांगायचे, हात न थांबवता.

गॅरेजात गारवा होता म्हणून मी पायापाशी छोटा हीटर-पंखा लावला होता. भावाने तराजू पुढे ओढला, त्याच्यावर वाकला आणि म्हणाला, ‘ताई, वारं बंद कर.’

मी पंखा बंद केला आणि तशीच बसून राहिले.

‘वारं बंद कर’ हे आमच्या घरातलं वाक्य. सराफ्यातल्या दुकानाच्या मागे अण्णांची बसायची खोली होती. तिथे काचेच्या पेटीत काटा होता, त्याची पारडी रुपयाएवढी. सोनं तोलायची वेळ आली की अण्णा पंखा बंद करायला लावत, दार लोटायला लावत आणि म्हणत, ‘वारं बंद कर.’ मग आम्ही दोघं श्वास धरून बसायचो. काट्याची सुई डावीकडे, उजवीकडे, पुन्हा थोडी डावीकडे जायची. सुई पुरती थांबल्याशिवाय ते आकडा बोलत नसत, समोर गिऱ्हाईक कितीही घाईत असो. सरकारने ग्रॅम आणून किती वर्षं झाली, बिलावर ग्रॅमच लिहीत, पण हाताशी गुंजांची डबी असेच. लाल गुंज, तिला काळा डोळा. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे शहाण्णव गुंजा. एकदा भाऊ पळत आत आला, दार भिंतीवर आपटलं, पारडं हललं आणि डबी सांडली. अण्णा रागावले नाहीत. त्यांनी तोललेलं सोनं खाली काढलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. भावाला त्यांनी सतरंजीवरच्या सगळ्या गुंजा वेचायला बसवलं. रात्री नऊपर्यंत वेचत होता. शेवटी एक कमी भरली, तेव्हा दोघं मिळून कंदील घेऊन शोधत होते.

भावाच्या तराजूवर ग्रेन. जवाच्या दाण्यावरून आलेलं माप. तिकडे जव, इकडे गुंज, तोलायला सगळीकडे माणसाने आधी दाणाच उचलला. तो म्हणाला, ‘ताई, कंपनी सरकारचा १८३५ चा रुपया १८० ग्रेनचा होता. तोच तोळा.’ मग शेल्फवरून मित्राची एक डबी काढली आणि त्यातली जाडसर गोळी माझ्या तळहातावर ठेवली. ‘ही ४० कॅलिबरची, १८० ग्रेन. पुरा तोळा.’ मग स्वतःची ठेवली, लहान, पुढून सपाट. ‘ही ९८. बावन्न गुंजा आणि कणभर.’ सपाट नाकाची गोळी कागदावर भोक पाडते ते पंच मारल्यासारखं गोल, म्हणून गुण मोजताना वाद होत नाही. त्याचं काडतूस ३२ लाँग, १८९६ पासून चालत आलेलं. पंचवीस मीटरच्या सेंटर-फायर पिस्तूल स्पर्धेत जगभरचे बहुतेक नेमबाज हेच वापरतात. आणि आपल्याकडे कानपूरच्या कारखान्यातलं जे रिव्हॉल्व्हर घरोघरी कपाटात असतं, तेही याच मापाचं. हे ऐकून मला कसंसंच झालं. वस्तू एकच. एका हातात ती वही-पेन्सिल घेऊन बसायला लावते आणि दुसऱ्या हातात बँडच्या तालावर नाचते.

काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला. बार मात्र आपल्या रोजच्या बोलण्यात मुरलेला. तंबाखूचा बार भरतात, लग्नाचा बार उडवतात. आणि न उडालेला फुसका बार. पुढाऱ्याचं भाषण पडलं तर फुसका बार, चित्रपट आपटला तर फुसका बार. फुसकं म्हणजे निरुपद्रवी, हसून सोडून द्यायचं. भावाने त्या दिवशी मला सांगितलं की काडतूस भरणारा सगळ्यात जास्त भितो तो याच बाराला.

दारू पडायची राहिली, किंवा ओलसर झाली, तरी टिकली उडतेच. तिच्या एवढ्याशा जोरानेही गोळी पुंगळीतून निघते आणि नळीत मधेच अडकून बसते. आवाज येतो ‘फट्’. हाताला धक्का जवळजवळ नाही. मागून दुसरी गोळी सुटली की तिला पुढे वाट नसते आणि नळी फुटू शकते, हातात, तोंडासमोर. उलटीही चूक होते. पिस्तुलाच्या पुंगळीत दारू थोडी आणि जागा बरीच, त्यामुळे दोनदा पडली तरी वरून चटकन कळत नाही. म्हणून तो पन्नास पुंगळ्या लाकडाच्या ठोकळ्यात उभ्या करून, गोळी बसवायच्या आधी, बॅटरीचा उजेड टाकून एकेकीत वाकून बघतो. सगळीकडे दारूची पातळी एकसारखी हवी. मीही बघितलं. पन्नास छोट्या विहिरी, प्रत्येकीच्या तळाशी करडं पाणी. त्याचे ओठ हलत होते, तो मोजत होता. काम झालं की हात थंड पाण्याने धुवायचे, शिसं असतं. तोवर चहाचा कप गॅरेजात आणायचा नाही. आणि फोन घरात ठेवायचा.

‘फोन का?’ मी विचारलं.

तो लगेच बोलला नाही. त्याने एक जुनी वही काढली. प्रत्येक पानावर तारीख, किती भरली, कुठली पितळं, कितव्यांदा. २०१९ च्या एका पानावर आकड्यांच्या मधे देवनागरीत दोनच शब्द होते, ‘ताईचा फोन’. मला तारीख वाचावी लागली नाही. अण्णा न्हाणीघरात पडले, मांडीचं हाड मोडलं, ती संध्याकाळ. मी इथून रडत फोन केला होता, तेव्हा तो टेबलाशी होता. बोलून परत आला आणि जिथे सोडलं होतं असं वाटलं तिथून पुढे सुरू केलं. एका पुंगळीत दारू पडायची राहिली. पुढच्या शनिवारी क्लबात दहा सेकंदांत पाच बार काढायचे होते. त्यात बोट आपोआप पुढे जातं, विचार मागे राहतो. तिसऱ्याला ‘फट्’ झालं. ‘बोट निघालं होतं ताई,’ तो म्हणाला. ‘कुठे थांबलं मला माहीत नाही.’ त्याने पिस्तूल खाली ठेवलं, गजाने गोळी बाहेर काढली, घरी आला आणि त्या खेपेची दोनशे काडतुसं एक एक करून उकलली. त्यासाठी एक हातोडीसारखं अवजार असतं, त्यात काडतूस अडकवून ठोकलं की गोळी सुटते. दोनशे वेळा ठोकलं. त्या दिवसापासून फोन घरात.

आता माझी तेढ सांगते. २०२१ च्या पावसाळ्यात अण्णा गेले, सकाळी सहाच्या सुमारास. तिकडे आदल्या दिवशीची रात्रीची साडेआठ. मी भावाला फोन लावत राहिले, अकरा वेळा. त्याने दोन तासांनी उचलला. ‘गॅरेजात होतो,’ एवढंच म्हणाला. विमानं तेव्हा धड नव्हती, तो तसाही पोचला नसता, पण निदान अण्णांचं तोंड त्याने व्हिडिओवर वेळेत बघितलं असतं. आम्ही साडेसातला त्यांना उचललं. तीन वर्षं मी मनात म्हणत होते, काडतुसं भरत बसला होता. बाप गेला आणि हा काडतुसं भरत बसला होता. त्या गॅरेजात ती वही मांडीवर घेऊन बसले असताना मला कळलं की माझ्याच एका फोनने दुसऱ्या फोनचं दार बंद केलं होतं. मी त्याला काही म्हणाले नाही. मन निवळलं असंही सांगत नाही. कारण कळलं तरी ते दोन तास अजून दोन तासच आहेत. पण मग मी उठले, त्याच्या शेजारी दुसरं स्टूल ओढलं आणि बॅटरी माझ्या हातात घेतली. पुढचे सगळे दिवस पन्नास विहिरी मी बघायचे, तो नंतर बघायचा. एक दिवस त्याने मुद्दाम क्लबात नेऊन, कानावरचे कप बाजूला करून, लांबून ऐकवलं, हा पुरा बार. आणि ‘फट्’ तोंडाने काढून दाखवलं. ‘हे ऐकू आलं तर कुणाचाही हात धर,’ म्हणाला.

वरातीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्याला फोन केला. त्याने आधी विचारलं, ‘आवाज कसा होता?’ मी तोंडाने काढून दाखवला. तो गप्प झाला. मग म्हणाला, ‘चक्री आणि नळी यांच्या मधे अडकली असणार, म्हणून चाप हलला नाही. ताई, त्याला हात लावू देऊ नकोस. बंदूकवाल्याकडे पाठव.’ मी तशीच समोर गेले. उंबऱ्यावर नव्या सुनेच्या पायाचं कुंकू ओलं होतं. मामा गावाला निघायच्या तयारीत होते, पिशवी खांद्यावर. मी हिंदीत सगळं सांगितलं, अडखळत, दारू, टिकली, नळी. ते उभ्याने ऐकत होते. ‘दुसरा सुटला असता तर तुमचा हात’ इथवर आले तेव्हा ते पिशवीसकट खाटेवर बसले. काडतुसं दहा वर्षांपूर्वीची होती, गावाकडे माळ्यावर ठेवलेली, दर पावसात ओल येणारी. परवाना जाईल ही भीती त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती, आणि जायलाच हवा असं मला आजही वाटतं. तरी त्या क्षणी मी त्यांच्यासाठी पाणी मागवलं.

संध्याकाळी ते एकटेच आले. कागदाची पुडी ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, ‘दीदी, निकल आई. आप देख लीजिए, फिर इसे वापस जमा करना है.’ पुडीत गोळी होती, एका बाजूने चेपलेली, अंगावर नळीच्या आट्यांच्या तिरप्या रेघा. मी आत गेले आणि अण्णांची काचेची पेटी उचलून आणली. किती दिवसांत तिला हात लागला नव्हता. पारडी फडक्याने पुसली, गोळी डाव्या पारड्यात ठेवली, गुंजांची डबी उघडली. बाहेरून गार झुळूक आली आणि सुई वेडीवाकडी हलायला लागली.

‘भाईसाब, हवा बंद कीजिए,’ मी म्हणाले.

त्यांनी दार लोटलं, कडी हळूच लावली, आणि माझ्यासमोर जमिनीवर येऊन बसले. मी एक एक गुंज टाकत गेले. चाळिशीच्या पुढे तेही माझ्याबरोबर मोजायला लागले, अगदी हळू, श्वास धरून. पन्नास. इक्यावन. बावन. सुई अजून हलत होती.